बनावेचा गडगा

मनिलाहून बनावेला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये एसी इतका गार ठेवतात की मफलर न घेतलेल्या माणसाला पहाटेपर्यंत कुलदैवत आठवतं. मला आठवलं. साडेतीनशे किलोमीटर, नऊ तास, त्यातला शेवटचा टप्पा सगळा घाटाचा. उजाडता उजाडता बस थांबली आणि धुक्यात उतरलो, तर पहिल्यांदा नजरेत भरले ते डांबरावरचे लाल डाग. बाजूच्या भिंतीवर इथे थुंकू नये अशी पाटी होती आणि सगळ्यात जास्त डाग त्या पाटीखालीच होते. म्हटलं, चला, घरी आलो.

घ्यायला आमच्या जहाजाच्या इंजिनरूममधला ऑइलर आला होता. मी एका बल्क कॅरिअरवर सेकंड इंजिनिअर होतो तेव्हा तो माझ्या वॉचला असायचा. मला तो 'सेकंड' म्हणे, आता मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी 'सेकंड'च म्हणतो. इंजिनरूममध्ये आमची मैत्री झाली ती सुपारीवरून. त्याच्या बॉयलर सूटच्या खिशात एक चपटी डबी असायची. तिच्यात सुपारीची खांडं, सुकलेलं विड्याचं पान आणि चुना. ते याला 'मोमा' म्हणतात. मी सावंतवाडीकडचा, माझ्या आज्याच्या चंचीत याहून वेगळं काही नसायचं, फार तर एक लवंग. प्रशांत महासागराच्या मध्यावर, पंचेचाळीस अंशांच्या उकाड्यात, दोन सुपारीवाल्यांची गाठ पडली. तेव्हाच त्याने सांगितलं होतं की त्याच्या गावच्या डोंगरांना पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांवर भात आहे. मी म्हटलं, आमच्याकडेही आहे. तो हसला होता. का हसला, ते इथे आल्यावर कळलं.

बनावे हे लुझोन बेटाच्या उत्तरेला, कॉर्डिलेराच्या डोंगरात, इफुगाओ प्रांतातलं एक गाव. तिकडे म्युनिसिपालिटी म्हणजे नगरपालिका नव्हे. अनेक वाड्या मिळून एक कारभार, आपल्याकडच्या लहानशा तालुक्यासारखा. अठरा बारांगाय, म्हणजे वाड्या, वीस हजारांच्या आसपास वस्ती. मुख्य बाजारपेठ मात्र, स्पष्टच सांगायचं तर, कुरूप आहे. नदीच्या काठावर आणि उतारावर पत्र्याच्या छपरांच्या काँक्रीटच्या इमारती एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत, खालून खांब देऊन. २०२२च्या जुलैत इथे ढगफुटीसारखा पाऊस झाला, डोंगरावरून चिखलाचा लोंढा बाजारात घुसला. पाणी कोणत्या भिंतीपर्यंत चढलं होतं ते ऑइलरने चालता चालता दाखवलं, आपल्याकडे मुंबईत २६ जुलैच्या पुराची खूण दाखवतात तसं.

त्याने मला आधी व्ह्यूपॉइंटवर नेलं, कारण पाहुण्याला आधी तिथेच न्यायचं असतं. पेसोच्या वीसच्या नोटेच्या मागे जे चित्र आहे, ते इथलं. मी नोट काढून समोर धरली. चित्रात नुसती खाचरं होती, समोर फेब्रुवारीतली खाचरं पाण्याने भरून आरशासारखी पडली होती आणि मधूनमधून पत्र्याची घरं उगवली होती. बाकावर लाल धोतीसारखं वस्त्र नेसून, डोक्यावर पिसं खोवून चार म्हातारे बसले होते. फोटो काढला की पैसे द्यायचे. शेजारी एक आजी थंडीने कुडकुडत होत्या आणि आत स्वेटर घातलेला दिसू नये म्हणून वरचं कापड सारखं ओढून घेत होत्या. मी पैसे दिले, फोटो काढला नाही. यात काही मोठेपणा नव्हता, अवघडलो होतो इतकंच.

'जगातलं आठवं आश्चर्य' असं तिथल्या प्रत्येक दुकानावर लिहिलंय. या पायऱ्यांच्या भिंती एका रेषेत मांडल्या तर अर्ध्या पृथ्वीला वेढा पडेल, असंही शेजारचा गाइड एका जर्मन जोडप्याला सांगत होता. कोणी मोजलं असेल देव जाणे. पण खरी गंमत वेगळीच आहे. युनेस्कोने १९९५ साली इफुगाओची भातखाचरं जागतिक वारसा यादीत घेतली, ती पाच समूह म्हणून: बताड, बांगाआन, मायोयाव, हुंगदुआन आणि कियांगानमधलं नागाकादान. यातले बताड आणि बांगाआन बनावेच्या हद्दीत येतात. पण नोटेवरचा हा देखावा, ज्याच्यासाठी बसा भरभरून लोक येतात, तो त्या यादीत नाही. मध्ये इतकी बांधकामं झाली की तो बाहेर राहिला. म्हणजे ज्याचा फोटो जगभर गेला त्याला वारशाचा शिक्का नाही, आणि ज्याला शिक्का आहे तिथे जायला आणखी तासभर जीपनी, म्हणजे तिकडची प्रवासी जीप, आणि मग पायपीट.

ती पायपीट आम्ही दुसऱ्या दिवशी केली. ऑइलरचं घर बताडच्या अलीकडे. खिंडीपासून उतरायला लागलो आणि एका वळणावर तो थांबला, बाजूला सरकला. समोर अख्खा डोंगर वाटीसारखा खोल झालेला, आणि त्या वाटीच्या तळापासून काठापर्यंत दगडी भिंतींची वलयं. मी कोकणातला, मला मेर म्हणजे शेताचा बांध माहीत आहे, कुणगा म्हणजे भाताचं लहान शेत माहीत आहे, चिऱ्याशिवाय, चुन्याशिवाय, नुसत्या सुट्या दगडांचा गडगा घालता येतो. आमच्याकडचे गडगे कमरेएवढे. इथे दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वरचं खाचर दिसणार नाही अशा भिंती होत्या, आणि त्यांच्या माथ्यावर चार हात रुंदीचं पाण्याने भरलेलं खाचर. त्या जहाजावर तो का हसला होता, ते मला त्या वळणावर समजलं. मी काही बोललो नाही. त्यानेही आठवण करून दिली नाही, हे त्याचं सौजन्य.

खाली उतरल्यावर मी भिंतीपाशी उकिडवा बसलो. एका दगडात दुसरा अडकवलेला, मध्ये चिपा ठोकलेल्या, मागे मुरूम आणि खडी भरलेली, जेणेकरून जादा पाणी आत कोंडून भिंत फुगू नये. वरच्या खाचरातलं पाणी एका खाचेतून खालच्यात, त्यातून त्याच्या खालच्यात. सगळ्यात वर, डोंगरमाथ्याजवळ, प्रत्येक कुटुंबाचं स्वतःचं रान. त्याला 'मुयोंग' म्हणतात. आपली देवराई देवाची असते म्हणून तुटत नाही. मुयोंग माणसाची असते, तरी तुटू द्यायची नसते, कारण तिच्या मुळांनी धरलेलं पाणीच खाली झिरपतं. सरपण तिथलं, घराचं लाकूड तिथलं, सुपारीची झाडंही तिथलीच. रान गेलं की झरा आटतो, झरा आटला की खाचर भेगाळतं आणि पुढच्या पावसात त्याची भिंत बसते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ऑइलरच्या आईने ते एका वाक्यात सांगितलं: "वरचं विकलंस की खालचं आपोआप जातं."

अपो, म्हणजे आजी. सगळेच त्यांना तसं म्हणत होते, मीही म्हटलं. वय ऐंशीच्या पुढे. त्या दिवशी त्यांच्या खालच्या खाचरात आवण लावायचं काम चाललं होतं. सात-आठ बायका ओळीत वाकलेल्या, एका हातात तरव्याची जुडी, दुसऱ्या हाताने रोप चिखलात. फेब्रुवारीत लावणी! आमच्याकडे मिरगानंतर जे होतं ते इथे थंडीत होतं आणि कापणी जुलैच्या सुमाराला. वर्षातून एकच पीक, म्हणून या भाताचं नावच 'तिनावोन', वर्षाचं भात. गार पाण्यात, गार हवेत ते सावकाश वाढतं. कापणीही सबंध ताटाची नाही. लहानशा पात्याने एकेक लोंबी खुडून तिच्या जुड्या बांधतात आणि त्या जुड्या चार खांबांवरच्या घरात वर ठेवतात. प्रत्येक खांबाला वर लाकडाची गोल चकती, म्हणजे उंदीर चढू नये. आमच्या कणगीला अशी चकती असती तर आईचे निम्मे शिव्याशाप वाचले असते.

या बायका पूर्वी हुडहुड गायच्या. पेरणी-कापणीला आणि मयताच्या रात्री म्हणायची लांबलचक कथागीतं, दोनशेहून अधिक. एक पुढे म्हणणार आणि बाकीच्यांनी मागून ओढायचं. पुरं म्हणायचं तर दिवसचे दिवस लागतात. युनेस्कोने २००१ साली त्याचाही गौरव केला. त्या दिवशी खाचरात मात्र एका मोबाइलवर इलोकानो भाषेतलं काहीतरी ठेक्यात वाजत होतं. मी त्याबद्दल हळहळणार नाही. आमच्या शेतातही आता लावणीची गाणी कोण म्हणतं?

आता या पायऱ्यांचं वय. बसस्टँडपासून प्रत्येक माणूस तुम्हाला दोन हजार वर्षं सांगतो. हा आकडा आला अमेरिकनांच्या काळात. स्पेनने फिलिपिन्सवर तीनशे वर्षांहून जास्त राज्य केलं, पण हे डोंगर त्यांना कधी नीट हाती लागले नाहीत. अमेरिकन आले ते शाळामास्तर घेऊन. त्यातला हेन्री ओटली बेयर बनावेत शिकवायला होता, इथल्याच इफुगाओ जमातीतल्या मुलीशी त्याने लग्न केलं आणि पुढे तो त्या देशाच्या मानववंशशास्त्राचा पितामह ठरला. दुसरा, रॉय बार्टन, याने १९१९मध्ये इफुगाओंच्या कायद्यावर पुस्तक लिहिलं. राजा नाही, कोर्ट नाही, पोलीस नाही, तरी बांधाचं भांडण मध्यस्थामार्फत कसं मिटतं याचं वर्णन. या दोघांनी अंदाज बांधला की एवढं काम व्हायला दोन-तीन हजार वर्षं लागली असणार. अंदाजच तो, पण पाठ्यपुस्तकात गेला आणि दगडासारखा बसला.

मग स्टीफन अकाबादो नावाच्या फिलिपिनो पुरातत्त्वज्ञाने इथल्या बांधांच्या मातीतल्या कोळशाची कालगणना केली आणि पुढे कियांगानच्या जुन्या गावठाणात स्थानिकांना बरोबर घेऊन उत्खनन केलं. निष्कर्ष असा निघाला की डोंगरावर भाताची ओली शेती पसरली ती गेल्या चारशे वर्षांत. त्याआधी इथे होतं अळू. होय, आपलं अळूच, त्याचे कंद. स्पॅनिश फौजा खालच्या मागात नदीच्या खोऱ्यात शिरल्या तेव्हा तिथली माणसं वर सरकली, आणि वर एकत्र राहायचं, टिकायचं, सणसमारंभाला पुरेल इतकं धान्य पिकवायचं तर खाचरं पाडणं भाग होतं. ऑइलरला हा निष्कर्ष मुळीच आवडत नाही. "सोळाशे वर्षं चोरली माझी," तो म्हणतो. मला उलट वाटतं. दोन हजार वर्षांत मुंगीच्या गतीने काय वाटेल ते होतं. पण शत्रू खाली येऊन बसलाय म्हणून दहाबारा पिढ्यांत अख्खा डोंगर कोरून काढायचा, ही जास्त जबरदस्त गोष्ट आहे. आमचा वाद सुपारी संपेपर्यंत चालला.

शत्रू आणखीही आले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जपानी सेनापती यामाशिता आपलं उरलंसुरलं सैन्य घेऊन याच डोंगरांत शिरला आणि २ सप्टेंबर १९४५ला कियांगानमध्ये शरण आला. जाताना त्याने सोनं पुरून ठेवलं अशी कथा आहे, आणि ते शोधायला आजही लोक खड्डे खणतात. अपोच्या शेजाऱ्याने म्हणे स्वतःच्याच घराच्या खांबाखाली खणलं. घर तिरकं झालं, सोनं नाही.

खरा घात त्यानंतर झाला, आणि तो भल्या हेतूने झाला. १९८०च्या दशकात दक्षिण अमेरिकेतली एक सोनेरी गोगलगाय फिलिपिन्समध्ये आणली गेली: शेतकऱ्याने पाळावी, खावी, निर्यात करावी, चार पैसे मिळवावेत. खायला फारसं कोणी तयार झालं नाही. गोगलगाय सुटली आणि भाताची कोवळी रोपं फस्त करू लागली. गावात खाचरातल्या जुन्या, चवीच्या गोगलगायी होत्या, त्या दिसेनाशा झाल्या. अपोने मेरेच्या कडेला बोट दाखवलं. चिखलाच्या जरा वर, भाताच्या काडीला, गुलाबी अंड्यांचा घोस चिकटलेला, लहान मुलीच्या हेअरबँडवर शोभेल असा. मी वाकून बघत होतो, तेवढ्यात त्यांनी तो नखाने खरवडला आणि पायाखाली चिरडला, बोलणं न थांबवता.

त्यात आणखी हातभर लांबीची गांडुळं. आपण गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणून शाळेत निबंध लिहिले. इथे ते भिंतीखाली बिळं करतं, पाणी त्यातून निसटतं, भिंत पोकळ होते. आणि लाकूडकाम. पर्यटक आले, त्यांना भाताच्या राखणदेवाची, बुलुलची, लाकडी मूर्ती हवी होती, दहा इंची, बॅगेत मावणारी. इफुगाओंचा हात कोरीवकामात मुळातच बसलेला. दुकानं भरली आणि रानं विरळ झाली. २००१मध्ये युनेस्कोने ही जागा धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकली. पाव हिश्श्याहून जास्त खाचरं तेव्हा पडीक होती. २०१२ला तिथून नाव काढलं. गावात याचा आनंद झाला का, असं विचारलं तर ऑइलर म्हणाला, "यादीत टाकलं तेव्हा मी जहाजावर होतो, काढलं तेव्हाही जहाजावरच."

आणि मला जे बघायचं होतं, या भिंती कशाच्या जोरावर उभ्या राहतात, ते इथे येऊन सापडलं. ही खाचरं पोटाला पुरत नाहीत. तिनावोन काही महिने जातं, पुढे बाजारातून सपाटीवरचा तांदूळ आणायचा. लोस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६मध्ये आयआर-८ काढलं आणि आशियाभर भाताची कोठारं भरली, पण ते वाण उन्हाचं आणि खताचं. या गार उंचीवर त्याचा उपयोग नव्हता. गेल्या काही वर्षांत तिनावोन 'वारसा तांदूळ' म्हणून अमेरिकेत गेलं, चांगला भाव आला. पण निर्यातीला सारखा दाणा आणि भरपूर माल हवा, आणि चार हात रुंदीच्या खाचरात दोन्ही जमत नाही. उरलं पर्यटन. ते पैसे रस्त्याकडेला राहतात: लॉज, जीपनी, गाइड, फोटो. भिंतीत ते फारसे पोचत नाहीत.

मग भिंत कोण उभी ठेवतं? ऑइलर. म्हणजे त्याच्यासारखे. इफुगाओंमध्ये शेतीचा उत्तम वाटा थोरल्याला जातो, मग तो मुलगा असो की मुलगी. धाकट्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. आपण सगळ्यांना सारखं वाटलं, म्हणून माझ्या गावच्या सातबाऱ्यावर एका कुणग्याला बत्तीस नावं आहेत आणि लावायला कोणी नाही. त्यांनी सारखी वाटणी केली नाही, म्हणून धाकटे बाहेर पडले: बाग्यो, मनिला, हाँगकाँग, समुद्र. ऑइलर तिसरा. खाचरं थोरल्या बहिणीची, ती बाग्योला शिक्षिका. वडिलांच्या आजारपणात दोन खाचरं 'बालाल' दिलेली होती, म्हणजे पैसे फिटेपर्यंत पीक सावकाराचं, आपली गहाणवटच. ती त्याने पहिल्या तीन कॉन्ट्रॅक्टच्या पगारातून सोडवली. आता बहीण मालकीण, आई राखण, आणि दरवर्षीच्या दुरुस्तीचा पैसा जहाजावरचा. कोकणाला एकेकाळी मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणत. ती मनीऑर्डर घर चालवायची, कौलं शाकारायची, गणपती आणायची. गडग्याला तिच्यातलं काही गेल्याचं मला आठवत नाही. आमचा मी शेवटचा पाहिला तेव्हा त्यातून काजूचं झाड वर आलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी एका ढासळलेल्या भिंतीवर काम होतं. चार माणसं, एक म्हातारा गवंडी, पहारी आणि खालच्या ओढ्यातून पाठीवर वाहून आणलेले दगड. मी बाह्या सारल्या. एक चांगला सपाट दगड निवडला, त्याचं रुंद तोंड बाहेर करून बसवला, मागे सरून पाहिलं. देखणा दिसत होता. म्हाताऱ्याने लाल पिंक टाकली, माझा दगड उपसला, नव्वद अंशांत फिरवला, लांब बाजू आत सारली आणि अरुंद टोक बाहेर ठेवून मागे एक चीप ठोकली. माझे बाबा हेच सांगायचे: दगडाचं तोंड बघू नको, शेपूट बघ. चाळीस वर्षांत विसरलो होतो. नंतरचे दगड मी फक्त उचलून देत होतो.

दुपारी ऑइलरने पडवीत बसून मजुरी दिली. खिशातून वही काढली. कडा तेलाने काळ्या झालेली, जहाजावरची. मी ती ओळखली. मागच्या पानांवर ल्यूब ऑइलच्या टाक्यांची साउंडिंग्ज, म्हणजे पातळीची मापं, होती, त्याच्या बारीक अक्षरात, वॉचच्या वेळांसकट. पुढच्या पानावर माणसं किती, दिवस किती, दगडांच्या खेपा किती, जेवणाला तांदूळ किती, कोंबड्या दोन. त्याने बेरीज केली, पुन्हा तपासली, खाली पुढच्या जॉइनिंगची तारीख लिहिली आणि तिच्याभोवती गोल काढला.